ताराबाईंची उरलेली चोपन्न वर्षे

पन्हाळवाट

महाराणी ताराबाईंचे नाव निघाले की 1700 ते 1707 ही सातच वर्षे डोळ्यांपुढे येतात. मार्च 1700 मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले, पंचविशीतल्या ताराबाईंनी चार वर्षांच्या मुलाला गादीवर बसवून कारभार हाती घेतला, आणि औरंगजेब सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड असा एकेक गड घेत असताना मराठी फौजा त्याला मागे टाकून नर्मदेपार जाऊ लागल्या. गड पावसाळ्यापर्यंत लढवायचा, मग जमेल तितका पैसा पदरात पाडून तो सोडायचा आणि बादशहाची छावणी पुढे सरकली की परत घ्यायचा, हा त्या काळातला डाव होता. मार्च 1707 मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेब मेला. आपल्या सार्वजनिक स्मरणातली ताराबाईंची गोष्टही बहुधा तिथेच संपते. कोल्हापुरातल्या कावळा नाक्यावरचा अश्वारूढ पुतळाही त्याच सात वर्षांचा आहे.

प्रत्यक्षात त्या पुढे चोपन्न वर्षे जगल्या. पानिपत झाले, त्या धक्क्याने खचलेले नानासाहेब पेशवे जून 1761 मध्ये पर्वतीवर वारले, आणि त्यानंतर डिसेंबरात साताऱ्यात, वयाच्या 86 व्या वर्षी ताराबाईंचा अंत झाला. या चोपन्न वर्षांविषयी जे थोडेफार लिहिले जाते, त्याचा सूर ठरलेला असतो: शाहू महाराजांना तोतया म्हणणारी काकू, गादीसाठी घर फोडणारी सासू, म्हातारपणीही कारस्थाने न सोडणारी हट्टी बाई. लढवय्यी राणी आणि कजाग म्हातारी अशा जणू दोन वेगळ्या स्त्रिया होऊन गेल्या असाव्यात, असे वाटण्याइतकी ही दोन चित्रे एकमेकांपासून तुटलेली आहेत. माझे म्हणणे असे आहे की बाई एकच होती, तिचे राजकारणही बव्हंशी एकच होते. बदलली ती फक्त जिंकणारी बाजू, आणि कागद त्या बाजूच्या दप्तरात राहिले.

1707 चाच प्रसंग घ्या. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा आझमशहा याने कैदेतल्या शाहूंना, म्हणजे संभाजी महाराजांच्या मुलाला, सोडले ते उदारपणाने नव्हे. मातोश्री येसूबाईंना आणि कुटुंबातल्या इतरांना ओलीस ठेवून त्याने त्यांना दक्षिणेत धाडले, कारण दोन वारस समोरासमोर आले म्हणजे मराठे आपापसांत लढतील हा त्यातला उघड हिशेब होता. ताराबाईंनी या वारसाला नाकारताना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, की हा खरा शाहू नव्हेच. हा दावा टिकणारा नव्हता आणि धनाजी जाधवांसारख्या सेनापतीला तो पटलाही नाही. दुसरी गोष्ट मात्र नीट ऐकण्यासारखी आहे. थोरल्या (शिवाजी) महाराजांचे राज्य संभाजी महाराजांच्या काळात गेले, नंतर जे उभे राहिले ते राजाराम महाराजांनी नव्याने मिळवलेले आहे, म्हणून ते त्यांच्या मुलाचे, असा तो युक्तिवाद होता. तो मान्य करायलाच हवा असे नाही. पण वारसा रक्ताने मिळतो की राखल्याने, हा प्रश्न त्यामागे आहे, आणि तो सात वर्षे राज्य राखलेल्या व्यक्तीने विचारलेला आहे. ऑक्टोबर 1707 मध्ये भीमेकाठी खेडला लढाई झाली, धनाजी शाहूंकडे गेले, साताराही गेला, आणि पुढच्या जानेवारीत शाहूंचा राज्याभिषेक झाला. त्या दिवसापासून ताराबाई बंडखोर ठरल्या.

पुढचा काळ लढाईचा नाही, म्हणून तो कुणी सांगत नाही. 1714 मध्ये सवत राजसबाई यांनी आपला मुलगा संभाजी याला करवीरच्या (कोल्हापूरच्या) गादीवर बसवले आणि ताराबाईंना मुलासह पन्हाळ्यावर कैदेत टाकले. मुलगा कैदेतच 1726 मध्ये वारला. 1730 मध्ये शाहूंच्या फौजेने वारणेच्या बाजूला संभाजींचा पराभव केला तेव्हा ताराबाई त्यांच्या हाती आल्या. शाहूंनी इतर राजस्त्रियांना सन्मानाने परत पाठवले; ताराबाईंनी मात्र साताऱ्याला राहणे पसंत केले. कैदच भोगायची तर ती पन्हाळ्यावर काय आणि साताऱ्यात काय, असे त्या म्हणाल्याची गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, निवड मात्र खरी आहे, आणि ती चतुर होती, कारण मराठी राज्याचे निर्णय आता साताऱ्यात होत होते. अजिंक्यताऱ्यावर मानाच्या नजरकैदेत त्यांनी एकोणीस वर्षे काढली. पन्हाळ्यावरची सोळा धरली तर चाळिशीच्या उंबरठ्यापासून पंचाहत्तरीपर्यंतचे सगळे आयुष्य पहाऱ्यात गेले. यानंतर 1750 मध्ये त्यांनी जे केले, त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देणे मला पटत नाही. त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

जुने दप्तर

धागा आवडला, परंतु एका अन्यायाची भरपाई दुसऱ्या टोकाला जाऊन करू नये, म्हणून चार गोष्टी स्पष्टपणे मांडतो.

1750 च्या नोव्हेंबरात, चंपाषष्ठीच्या निमित्ताने, ताराबाईंनी छत्रपती रामराजांना साताऱ्याच्या गडावर बोलावून घेतले आणि अटकेत टाकले. हे रामराजे म्हणजे वर्षभरापूर्वी खुद्द ताराबाईंनीच आपला लपवून वाढवलेला नातू म्हणून शाहूंपुढे आणलेले. तो पेशव्यांविरुद्ध उभा राहीना तेव्हा त्यांनी तो आपला नातूच नव्हे असे जाहीर केले, आणि 1752 मध्ये जेजुरीला खंडोबासमोर तशी शपथही घेतली. म्हणजे एकतर आधी त्या खोटे बोलल्या, नाहीतर नंतर. 1707 मध्ये पुतण्याला तोतया म्हणायचे आणि 1750 मध्ये नातवाला तोतया म्हणायचे, हे तुम्ही म्हणता तसे 'एकच राजकारण' असेलही. पण ते सत्याशी फारकत घेतलेले राजकारण आहे. गडावरच्या शिबंदीत, म्हणजे पहाऱ्याच्या फौजेत, फितूर झाले तेव्हा आनंदराव जाधवांचे शिर उडवण्याचा हुकूम देताना या बाईंचा हात कापला नाही, हेही लक्षात असू द्यावे.

आणखी एक. शाहू मोगलांचे मांडलिक झाले आणि ताराबाई शेवटपर्यंत स्वतंत्र बाण्याने लढल्या, असे जे हल्ली सर्रास लिहिले जाते, तेही तपासून घ्यावे. राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर लगेचच ताराबाईंकडून बादशहाकडे तहाचे बोलणे गेले होते. मुलाला सात हजारी मनसब (मोगली दरबारातला हुद्दा) मिळावी, दक्षिणेतली सरदेशमुखी (महसुलातला दहावा हिस्सा) मिळावी, त्या बदल्यात काही गड आणि फौजेची चाकरी देऊ, असा प्रस्ताव होता. औरंगजेबाला सगळेच गड हवे होते, म्हणून ते फिसकटले. 1709 मध्ये बहादूरशहाच्या दरबारात झुल्फिकारखानाने शाहूंसाठी आणि मुनीमखानाने ताराबाईंच्या मुलासाठी रदबदली केली. बादशहाने कुणा एकालाच सनद न देता प्रकरण आपसांत निपटा म्हणून सोडून दिले. दोन्ही बाजू त्याच दारी उभ्या होत्या.

पन्हाळवाट

जुने दप्तर, तुमचे शेवटचे दोन मुद्दे मी पूर्ण स्वीकारतो, किंबहुना माझ्या म्हणण्याला ते पूरकच आहेत. 1700 मधल्या तहाच्या बोलण्याला आपण दुबळेपणा म्हणू शकतो किंवा नव्या कारभाऱ्याने वेळ काढण्यासाठी टाकलेला फासा म्हणू शकतो. कुठल्याही पुरुष राज्यकर्त्याच्या बाबतीत आपण दुसरा शब्द वापरला असता. 1665 च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले दिले गेले, त्याकडे आपण धोरण म्हणूनच पाहतो, आणि ते योग्यच आहे. ताराबाईंची भद्रकाली करून टाकली की असे व्यवहारी प्रस्ताव त्या चित्रात बसत नाहीत, म्हणून ते सांगितलेच जात नाहीत. गौरवानेही माणूस झाकला जातो तो असा.

राहिला प्रश्न 1750 चा. त्या वर्षी नेमके काय पालटले ते पाहिल्याशिवाय त्या अटकेचा अर्थ लागत नाही. डिसेंबर 1749 मध्ये शाहू निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी कारभाराचा अधिकार पेशव्यांकडे सोपवला होता, आणि 1750 मध्येच सांगोल्याला रामराजांकडून सदाशिवरावभाऊंनी जे करार करून घेतले, त्यांनी छत्रपतींच्या हातात नावापुरती सत्ता उरली. राज्याचे केंद्र साताऱ्याहून पुण्याला गेले ते तेव्हा. याला उघडपणे आणि सशस्त्र विरोध कुणी केला? पंचाहत्तरीच्या ताराबाईंनी, तळेगावच्या उमाबाई दाभाड्यांनी आणि दाभाड्यांच्या वतीने चालून आलेल्या दमाजी गायकवाडांनी. छत्रपतींनी राज्य करावे की पेशव्यांनी, हा त्या काळातला सर्वांत मोठा राजकीय प्रश्न होता. तो एखाद्या पुरुष सरदाराने विचारला असता तर त्याला स्वामिनिष्ठा म्हटले गेले असते.

आनंदराव जाधवांचा शिरच्छेद क्रूर होता. वेढ्यात सापडलेल्या कोणत्या किल्लेदाराने फितुराला माफ केल्याचे उदाहरण आहे, ते मात्र मला आठवत नाही.

कृष्णावेण्णा

चर्चा ताराबाईंभोवती फिरते आहे, म्हणून त्यांच्या जवळच्याच दोन स्त्रियांकडे लक्ष वेधते, कारण त्यांच्यावाचून हे चित्र अपुरे राहते.

पहिल्या येसूबाई. नात्याने ताराबाईंच्या थोरल्या जाऊबाई. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर रायगडाला वेढा पडलेला असताना, आपल्या सात वर्षांच्या मुलाचा हक्क बाजूला ठेवून, धाकट्या दिरांनी गडाबाहेर पडून राज्य राखावे हा निर्णय त्यांनी घेतला, आणि स्वतः मुलासह गडावर थांबल्या. 1689 च्या नोव्हेंबरात रायगड पडला आणि त्या मोगलांच्या कैदेत गेल्या. त्या सुटल्या 1719 मध्ये, बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी चौथाई (महसुलाचा चौथा हिस्सा), सरदेशमुखी आणि स्वराज्याच्या सनदांबरोबर दिल्लीहून त्यांना परत आणले तेव्हा. हा तीस वर्षांचा कारावास आपल्याकडे 'त्याग' या एका शब्दात उरकला जातो. त्याग होताच, पण त्याआधी तो एक राजकीय निर्णय होता, आणि तो चुकला असता तर राज्य बुडाले असते. राजाराम महाराज जिंजीला गेले, आठ वर्षे मोगली फौज तिकडे अडकून पडली, आणि त्यामुळे महाराष्ट्रात संताजी-धनाजींना हातपाय पसरायला जागा मिळाली. या सगळ्याची सुरुवात रायगडावरच्या त्या मसलतीत आहे.

1719 मध्ये येसूबाई साताऱ्याला पोहोचल्या त्या वेळी ताराबाई पन्हाळ्यावर कैदेत होत्या, आणि ती कैद मोगलांची नव्हे, घरच्यांची होती. थोरलीने ज्या दिरासाठी रायगड पणाला लावला त्याच्याच पत्नीने पुढे थोरलीच्या मुलाला तोतया म्हटले. ताराबाईंचे कितीही समर्थन केले तरी या ठिकाणी मला त्यांच्या बाजूने बोलता येत नाही.

दुसऱ्या राजसबाई. कागलकर घाटग्यांच्या घरच्या. यांच्याविषयी कुणी चांगलेही लिहीत नाही आणि वाईटही लिहीत नाही. 1714 चा सत्तापालट त्यांच्या मुलाच्या नावाने झाला, रामचंद्रपंत अमात्यांसारखा मुरब्बी मुत्सद्दी त्या पालटाच्या पाठीशी होता असे मानले जाते, आणि करवीरची गादी पुढे त्यांच्याच मुलाने 1760 पर्यंत चालवली. तरी हा सगळा प्रकार 'सवतीमत्सर' या सदरात टाकून आपण मोकळे होतो. दोन सवती भांडल्या असे म्हटले की सरदारांना आपल्या सोयीचा राजा हवा होता ही गोष्ट आपोआप मागे पडते.

अजिंक्यतारा

मला या गोष्टीतल्या रामराजांची बाजू मांडावीशी वाटते. विषय स्त्रियांचा असला तरी ताराबाईंच्या कृत्याची किंमत त्यांनी मोजली. पानगावात आडबाजूला वाढलेला तेवीस-चोवीस वर्षांचा तरुण एकदम छत्रपती होतो, आजी म्हणते पेशव्यांना दूर कर, पेशवे म्हणतात इथे सही कर, आणि वर्ष उलटायच्या आत तो गडावर कैद होतो. 1751 च्या मार्चमध्ये दमाजी गायकवाड पंधरा हजारांच्या आसपास फौज घेऊन साताऱ्यावर आले, सुरुवातीला निंबच्या लढाईत जिंकले, मग कोंडीत सापडले. नानासाहेब निजामाच्या मुलखातून तातडीने परतले आणि त्यांनी दमाजींना पुण्यात कैद केले. बाकी सगळ्यांचे काहीतरी तह झाले. रामराजांचा झाला नाही.

जेजुरीच्या शपथेत मला वेगळेच काही दिसते. ती शपथ घेतल्यावर पेशव्यांनी रामराजांना पदावरून काढले का? नाही. नातू नव्हे असे देवासमोर ठरलेल्या माणसालाच त्यांनी छत्रपती म्हणून ठेवले, आणि त्याला ताराबाईंच्याच पहाऱ्यात राहू दिले. कैदेतला, संशयित रक्ताचा राजा पेशव्यांना सर्वांत सोयीचा होता. ताराबाईंना वाटले असेल की आपण पेशव्यांच्या हातचे प्यादे काढून घेतले. झाले ते नेमके उलटे. छत्रपतिपदाची जी प्रतिष्ठा वाचवण्यासाठी हे सगळे चालले होते, तिला त्या शपथेने सर्वांत मोठा तडा गेला. म्हणून मी त्यांना खोटे बोलल्याबद्दल दोष देण्यापेक्षा चुकलेल्या डावाबद्दल देईन. रामराजांच्या अंगावरचा जाच हलका झाला तो ताराबाईंच्या मृत्यूनंतर, माधवराव पेशव्यांच्या काळात.

जुने दप्तर

अजिंक्यतारा यांचा मुद्दा माझ्या मूळ आक्षेपापेक्षा अधिक नेमका आहे. खोटेपणाचा न्याय करायचा तर त्या दरबारात कुणीच सुटणार नाही. शाहूंच्या पत्नी सकवारबाईंचा विरोध रामराजांना होता. त्यांना सती जाण्यास भाग पाडण्यात नानासाहेबांचा हात होता असे मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने लिहिले आहे, आणि त्या आरोपाचा उच्चार आपल्याकडे कुजबुजीच्या वर कधी जात नाही. ताराबाईंची शपथ मात्र सर्वांना पाठ असते.

करवीरचा वाचक

धाग्याच्या विषयाला धरून आणखी एक नाव घेतले नाही तर आमच्या गावाचा अपराध होईल. करवीरच्या जिजाबाई. (हे नाव घेतले की लोक सिंदखेडच्या जिजाऊंकडे वळतात, हेच त्यांचे पहिले दुर्दैव.) राजसबाईंच्या सूनबाई, करवीरच्या संभाजी महाराजांच्या पत्नी. डिसेंबर 1760 मध्ये संभाजी महाराज निपुत्रिक वारले आणि करवीरचे राज्य खालसा करून आपल्याकडे घेण्याची संधी पेशव्यांना दिसली. सवत गरोदर असल्याचे सांगून जिजाबाईंनी वेळ काढला, मध्यंतरी पानिपताने आणि नानासाहेबांच्या मृत्यूने पुण्याचे लक्ष दुसरीकडे गेले, आणि 1762 मध्ये खानवटकर भोसल्यांचा मुलगा दत्तक घेऊन त्यांनी गादी वाचवली. पुढे 1773 मध्ये मृत्यू येईपर्यंत कारभार त्यांनीच पाहिला. आज कोल्हापूरची गादी म्हणून जे काही आपण जाणतो, राजर्षी शाहूंपर्यंतची जी परंपरा सांगतो, ती या बाईंच्या त्या दोन वर्षांतल्या धिमेपणावर उभी आहे.

आणि त्यांच्याविषयी काय शिल्लक राहिले? पन्हाळ्यावरच्या कालीला त्या नरबळी देत, ही इंग्रजी अमदानीतल्या अहवालांनी आणि गॅझेटियराने नोंदवलेली कथा. मृत्यूनंतर कित्येक दशकांनी ऐकीव माहितीवर नोंदलेल्या या कथेला मी काडीचेही मोल देत नाही, पण ती पसरली खरी. तेरा वर्षे एका विधवेने पुण्याला दाद दिली नाही, याचे स्पष्टीकरण लोकांना कालीच्या कोपातच सापडले असावे.

पन्हाळवाट यांनी ताराबाईंची दोन चित्रे तुटलेली आहेत म्हटले. जिजाबाईंच्या वाट्याला तर पहिले चित्र आलेच नाही.

कृष्णावेण्णा

करवीरचा वाचक यांच्या प्रतिसादाला जोडून उमाबाई दाभाड्यांविषयी दोन ओळी, कारण वर त्यांचे नाव नुसतेच येऊन गेले. सेनापती खंडेराव दाभाड्यांच्या त्या पत्नी. एप्रिल 1731 मध्ये डभईच्या लढाईत थोरल्या बाजीरावांच्या फौजेशी लढताना त्यांचा मुलगा त्र्यंबकराव मारला गेला, आणि त्यानंतर सेनापतिपदाचा सगळा भार उमाबाईंनीच वाहिला. 1751 मध्ये त्या ताराबाईंच्या बाजूने का उभ्या राहिल्या, याचे उत्तर वीस वर्षांपूर्वीच्या डभईत आहे, आणि पेशव्यांनी मागितलेल्या गुजरातच्या अर्ध्या वाट्यात आहे. वणीच्या सप्तशृंगी गडावर चढणाऱ्या जुन्या पायऱ्या त्यांनी बांधवल्या, एवढे नाशिककडच्या भाविकांना ठाऊक असते. पायऱ्या बांधणारी बाई गुजरातच्या महसुलावरून पेशव्यांशी भांडत होती, हे सहसा ठाऊक नसते.

पन्हाळवाट

उमाबाई आणि जिजाबाई यांच्यासाठी स्वतंत्र धागे निघावेत, अशी दोघांनाही विनंती.

अजिंक्यतारा यांच्या निष्कर्षाशी मी जवळजवळ सहमत आहे, फक्त एका ठिकाणी अडतो. 1752 पर्यंत ताराबाईंकडे दुसरा कोणता डाव उरला होता? दमाजी कैदेत गेले होते, दाभाडे मोडले होते, आणि शिबंदीवर भरवसा नव्हता. जेजुरीच्या शपथेच्या बदल्यात त्यांना साताऱ्याचा गड, रामराजांचा ताबा आणि पुढची नऊ वर्षे कुणाच्याही अंकित न राहता जगण्याची मुभा मिळाली. हरलेल्या बाजूला एवढ्या अटी मिळाल्याचे त्या शतकात फारसे दिसत नाही. छत्रपतिपदाला त्यातून तडा गेला हे खरे. पण तो तडा सांगोल्यालाच गेला होता, आणि तिथे सही ताराबाईंची नव्हती.

येसूबाईंच्या संदर्भात कृष्णावेण्णा यांनी जे म्हटले, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ताराबाईंच्या पत्रांत त्याचे काही पडसाद कुणाला आढळले असतील तर जरूर लिहावे. मोडी वाचणारे दोन-तीन सभासद इथे आहेत, त्यांच्या प्रतिसादाची वाट पाहतो.